शिडावरची तिरकी सुरकुती

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे. दोन मोसम क्लबच्या बोटीवर शिकल्यावर आता तिच्यासाठी जुनी ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची छोटी शिडाची बोट, घेतली. शीड चढवलं की त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती पडते. एकांनी सांगितलं, शीड गेलंय, नवं घ्या. घ्यावं का? आणि बोट पाण्यात ढकलण्याआधी मी काय बघू? मला यातलं ओ की ठो कळत नाही.
– एक आई, पुणे

उत्तर: इतक्यात नवं शीड घेऊ नका. सुरकुती कुठून कुठे जाते ते आधी बघा.

या शिडाला चार कोपरे. मागचा वरचा कोपरा एका तिरप्या काठीनं उचलून धरलेला असतो, तिला स्प्रिट म्हणतात. सुरकुती डोलकाठीच्या माथ्यापासून निघून बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, मागच्या टोकाकडे उतरत असेल, तर स्प्रिट ढिली आहे. तिची दोरी ओढा. उलट, मागच्या वरच्या कोपऱ्यातून बूमच्या पुढच्या टोकाकडे येत असेल, तर स्प्रिट जास्त ताणली गेलीय, जरा सोडा. सुरकुती जेमतेम जाते तिथे थांबायचं. दोरी ओली झाली की थोडी सैल पडते, म्हणून पाण्यात गेल्यावर मुलीनं ती एकदा परत ओढायची. वारा वाढला तरी ओढायची.

मग शीड ज्या बारीक दोऱ्यांनी डोलकाठीला आणि बूमला बांधलंय त्या बघा. एक घट्ट, शेजारची सैल असं असेल तर तिथेही चुण्या पडतात. शीड आणि काठी यांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट स्पर्धेच्या नियमात चालत नाही. शीड खरंच संपलं असेल तर हाताला कळतं. नवं कापड चुरगाळताना कागदासारखं कुरकुरतं, संपलेलं शीड धुऊन धुऊन विरलेल्या पदरासारखं मऊ लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

डोलकाठी आडव्या फळीच्या भोकातून खाली तळाच्या खाचेत बसते. ती वर निसटू नये म्हणून फळीजवळ एक छोटी दोरी बांधतात किंवा क्लॅम्प लावतात. मी मुंबई बंदरात मुलांना शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका मुलाची ही दोरी बांधायची राहिली, आणि मीही ती तपासली नाही. बोट पूर्ण उलटी झाली. सरळ करताना डोलकाठी खाचेतून सुटली, पण वरच्या भोकात अडकून राहिली आणि तिच्या बुडानं बोटीच्या तळाला भोक पाडलं. मुलगा सुखरूप होता, पण ते भोक मला अजून दिसतं. तेव्हापासून माझं एकही मूल पाण्यात जाण्याआधी मी त्या दोरीत हाताचं बोट घालून ती ओढून बघते. तुम्हीही तेवढं कराच, त्याला बोटीतलं काही कळावं लागत नाही.

आत हवेच्या तीन पिशव्या असतात. बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगते ती त्यांच्यावरच. जुन्या बोटीत त्या हमखास गळतात. आदल्या रात्री फुगवून ठेवा आणि सकाळी दाबून बघा. मात्र उन्हात ठेवायची बोट असेल तर टम्म भरू नका, तापल्यावर हवा फुगते आणि शिवण उसवते. पाणी उपसायचं भांडं दोरीनं बांधलेलं हवं. सुकाणू आणि मधून पाण्यात उतरणारी उभी फळी बोट उलटली तरी पडणार नाहीत, अशी अडकवलेली हवीत.

हे सगळं बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवून करायचं, शिडाची शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी, मोकळी सोडून. नाक वळलेलं असलं की शीड भरतं आणि ट्रॉलीवरची बोट आडवी होते. ३५ किलोचा तर सांगाडा, वाऱ्याला जड नाही. डोलकाठी उभी करताना शीड गुंडाळलेलं ठेवा आणि दोघी मिळून ती सरळ वरून खाली सोडा. तिरकी घातली तर भोकाची कड फुटते.

गाठी मात्र मुलीलाच मारू द्या. तुम्ही फक्त ओढून बघा.

एवढं करूनही सुरकुती राहिली, तर नाक वाऱ्याकडे असताना एक फोटो समोरून आणि एक बाजूनं काढून पाठवा. बूमचं पुढचं टोक दिसेल असा काढा.