शिरोलीच्या ऑफिसमधली फाइल रिमोट डेस्कटॉपमधून घरच्या लॅपटॉपवर कशी आणायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसचा कॉम्प्युटर तुम्ही कळंब्याच्या घरातून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने चालवता. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप आणि कास्टिंगची (ओतकामाची) ड्रॉइंग्ज घरच्या लॅपटॉपवर हवी आहेत, पण कॉपी-पेस्ट कधी चालतं, कधी चालत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपांचे कॉम्प्युटर सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि ही अडचण मला जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसते.

कॉपी-पेस्टच्या भरवशावर राहू नका. एखादं बिल, एखादी पीडीएफ, चार ओळींचा मजकूर एवढ्यापुरतं ते ठीक आहे. रोजच्या कामासाठी लॅपटॉपचा एक ड्राइव्ह ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून घ्या. ही सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, पण लगेच कनेक्ट दाबू नका. आधी शो ऑप्शन्स, मग लोकल रिसोर्सेस. तिथे क्लिपबोर्डसमोर (कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं ती जागा) बहुधा खूण असतेच. त्याच्या खालचं मोअर हे बटण दाबलं की ड्राइव्हज दिसतात. सगळ्या ड्राइव्हजवर सरसकट खूण करू नका. अधिकचं चिन्ह उघडून फक्त डी ड्राइव्ह निवडा, किंवा लॅपटॉपला एक रिकामा पेनड्राइव्ह लावून तेवढाच निवडा. मग जनरल टॅबवर येऊन सेव्ह करा, म्हणजे दर वेळी हे करावं लागणार नाही. आता कनेक्ट झालात की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर धिस पीसी उघडा. तिथल्या ड्राइव्हजच्या रांगेत तुमच्या लॅपटॉपच्या नावासह तुमचाच ड्राइव्ह दिसेल. ऑफिसची फाइल कॉपी करून त्यात पेस्ट केली की ती घरी पोचली. घरून ऑफिसला न्यायची असेल तर हेच उलट. सेशन (ऑफिसच्या कॉम्प्युटरशी जोडणी) चालू असताना सेटिंग बदललंत तर डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडावं लागतं. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि ड्राइव्ह दिसत नाही म्हणून फोन करतात.

घरी मॅक असेल तर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ॲपमध्ये ड्राइव्हऐवजी एखादं फोल्डर जोडता येतं. लिनक्सवर रेमिना हा प्रोग्रॅम हेच करतो. रिमोट डेस्कटॉपऐवजी एनीडेस्क वापरत असाल तर त्यात फाइल ट्रान्सफरची वेगळी खिडकी आहे.

आता तुमचं कॉपी-पेस्ट मध्येच का बंद पडतं? दोन्हीकडचा क्लिपबोर्ड जोडून ठेवायला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आरडीपीक्लिप (rdpclip) नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालू असतो. तो अडकला की पेस्टचा पर्याय फिकट होतो, नाहीतर जुनंच काहीतरी पेस्ट होतं. सेशनच्या आतच टास्क मॅनेजर उघडा, तो प्रोग्रॅम एंड टास्क करा आणि रनमध्ये त्याचं नाव लिहून पुन्हा चालू करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करायची गरज नसते. दुसरं म्हणजे, २ जीबीपेक्षा मोठी फाइल या रस्त्याने नेताना विंडोजच्या अनेक आवृत्त्यांमध्ये कॉपी फसते. जोडलेल्या ड्राइव्हला ही मर्यादा नाही.

वेगाबद्दल बोलायला हवं, कारण तिथे लोक घरच्या वायफायला दोष देत बसतात. फाइल ऑफिसमधून घरी येते तेव्हा ऑफिसच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग कामी येतो, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा खूपच कमी असतो. शिवाय शेकडो बारीक फाइली एकेक करून पाठवण्यापेक्षा त्यांची ऑफिसमध्येच झिप करून एक फाइल पाठवली तर वेळ कितीतरी वाचतो. टॅलीचंही तसंच: टॅली चालू असताना डेटाचं फोल्डर उचलू नका. टॅलीतूनच बॅकअप घ्या, तो ऑफिसच्या डिस्कवर ठेवा आणि मग तो आणा. कॉपी पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप झोपी जाऊ देऊ नका. सेशन तुटलं की जोडलेला ड्राइव्ह ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नाहीसा होतो आणि फाइल अर्धवट राहते. लाइन वरचेवर तुटत असेल तर विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपी करायची आज्ञा झेड (/Z) पर्यायासह वापरा. जोडणी परत आल्यावर ती तुटल्या जागेपासून पुढे चालू होते.

एकच ड्राइव्ह जोडा असं मी मुद्दाम सांगतोय. जोडलेल्या ड्राइव्हवर ऑफिसचा कॉम्प्युटर वाचूही शकतो आणि लिहूही शकतो. तिकडे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर ते या वाटेने तुमच्या घरच्या फोटोंपर्यंत येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका हल्ल्याची माहिती जाहीर केली होती. त्यात हल्लेखोर ईमेलने आरडीपी फाइल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची जोडणी सुरू करणारी फाइल, पाठवत. ती उघडली की समोरच्याचे ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड थेट हल्लेखोरांच्या सर्व्हरला जोडले जात. म्हणून कुणी मेलवर अशी फाइल पाठवली तर उघडू नका. आणि ऑफिसच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट (आत यायचं दार) थेट इंटरनेटला उघडं ठेवलं असेल तर ते आजच बंद करून घ्या आणि व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित खाजगी जोडणीतून, या. या पोर्टवर पासवर्ड हुडकणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात.

शिरोलीसाठी आणखी एक सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकली, आणि महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे शहरातून शिरोलीला जाणंच बंद झालं. अशा वेळी तिकडची वीज किंवा इंटरनेट गेलं तर रिमोट डेस्कटॉपचाही काही उपयोग नाही. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललंय असं ऐकलं की त्याच दिवशी बॅकअप आणि चालू ऑर्डरची ड्रॉइंग्ज घरी आणून ठेवा.

एवढं करूनही ड्राइव्ह दिसत नसेल तर ऑफिसकडून ग्रुप पॉलिसीत (विंडोजमधल्या ऑफिसने ठरवलेल्या नियमांत) ड्राइव्ह जोडणं बंद केलेलं असू शकतं. कास्टिंगची ड्रॉइंग्ज ग्राहकाच्या मालकीची असतात आणि ती बाहेर जाऊ नयेत म्हणून कारखाने अशी खबरदारी घेतात. तसं असेल तर मेल किंवा व्हॉट्सॲपने ती बाहेर काढू नका. मालकांशी बोला, टॅलीच्या बॅकअपपुरती परवानगी लेखी मागा आणि ड्रॉइंग्ज सेशनमध्येच उघडून काम करा.