तीन ठिपक्यांचा 'प'

चि. चिऊस, अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी शाळेतून येताना गाडीत मागच्या सीटवरून तू विचारलंस, "बाबा, आपण इराणी आहोत का?" मी समोर रस्त्याकडे बघत एवढंच म्हणालो, "नाही गं, मराठी." तू पुढे काही बोलली नाहीस. वर्गातली दोन मुलं तुला 'पार्सनिप', म्हणजे ते गाजरासारखं कंदमूळ, म्हणून चिडवतात, हे रात्री आईकडून कळलं. त्यात तुझ्या इराणी मैत्रिणीच्या आईने सांगितलं की आपलं आडनाव, पारसनीस, हा तर त्यांच्या फारसी भाषेतला शब्द. म्हणजे शाळेत कंदमूळ, मैत्रिणीकडे इराणी, आणि बाबा म्हणतो मराठी. तुझा गोंधळ उडाला नसता तरच नवल. तुला एका शब्दात गप्प केलं याची मला रुखरुख लागली आहे. व्हँकुव्हरला कामासाठी आलोय, संध्याकाळी वेळ असतो, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतो. अडेल तो शब्द आईला विचार.

आधी हे सांगतो, की तुझ्या मैत्रिणीची आई बरोबर बोलली. गेल्या महिन्यात तुला घ्यायला यंग स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरी गेलो होतो, आठवतं? तुम्ही दोघी बूट घालेपर्यंत त्यांनी मला काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा चहा दिला आणि नाव विचारलं. मी आडनाव सांगताच त्या क्षणभर थांबल्या. मग किराण्याची पावती उलटी करून त्यावर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "फारसी-नेविस. फारसी लिहिणारा." पहिल्या अक्षरावर एक ठिपका होता. मी म्हटलं, आमच्याकडे 'फा' नाही, 'पा' म्हणतात. त्यांनी ते खोडलं आणि शेजारी पुन्हा लिहिलं. या वेळी पहिल्या अक्षराच्या खाली तीन ठिपके होते. तो त्यांचा 'प'.

त्या तीन ठिपक्यांत बरंच काही आहे. इराणच्या ज्या प्रांतावरून भाषेला नाव पडलं, त्याचं जुनं नाव पार्स. अरबीत 'प' हा उच्चारच नाही, म्हणून अरबांच्या तोंडी पार्सचं फार्स झालं, भाषा फारसी झाली आणि पुढे इराणी लोकही तसंच म्हणू लागले. जुन्या मराठीत मात्र त्या भाषेला 'पारसी' म्हणायची रीत होती. आपल्या आडनावातला 'पा' तिथला आहे. मुंबईतल्या पारशी लोकांचं नावही त्याच पार्सवरून पडलं. त्यांचे पूर्वज खरोखरच इराणातून समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर आले होते. आपले पूर्वज कुठून समुद्र ओलांडून आले नव्हते. आपण त्या भाषेचे काम करणारे.

आता उरलं 'नीस'. मूळ शब्द नवीस, म्हणजे लिहिणारा. बोलता बोलता मधला 'व' गळतो. बातम्यांत ऐकतेस ते फडणवीस, आणि तेच आडनाव कुणाकडे फडणीस असं चालतं. चिटणीस चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारे, पोतनीस पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहिणारे, वाकनीस रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारे. किल्ल्यावर हजेरी आणि जमाखर्च सबनिसांकडे, दाणागोटा, दारूगोळा अशा कोठाराची नोंद कारखानिसांकडे. हे शब्द आधी हुद्दे होते. तुझ्या मैत्रिणीच्या आईने त्या दिवशी मला कामाबद्दलही विचारलं. प्रोग्रॅमर म्हटल्यावर त्या केवढ्या खूश झाल्या! आजच्या फारसीत प्रोग्रॅमरला 'बरनामे-नेविस' म्हणतात. म्हणजे त्यांच्या भाषेत मी अजूनही 'नवीस'च आहे. घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

पण मराठी माणसाला फारसी लिहायची गरज का पडली? चौदाव्या शतकात देवगिरीच्या यादवांचं राज्य गेलं आणि १३४७ साली दख्खनमध्ये बहमनी सुलतानांचं राज्य उभं राहिलं. पुढे त्याचे तुकडे होऊन अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही झाली, आणि उत्तरेकडून मुघल आले. या सगळ्या दरबारांची भाषा फारसी. गावातला कुलकर्णी मोडीत मराठीच लिहायचा. पण वरून फर्मान आलं की ते वाचून सांगणारा आणि उलट अर्ज करायचा तर तो दरबारी थाटात लिहिणारा माणूस लागे. अशा पत्रात नुसता मजकूर बरोबर असून भागत नसे. समोरच्याला कुठल्या किताबाने संबोधायचं, नाव कुठे घ्यायचं, याचे कडक नियम असत. एक किताब चुकला तर तो अपमान ठरे. पत्राच्या सुरुवातीला लिहितात त्याला आपण मायना म्हणतो, जसं मी वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं. हा मायना शब्दसुद्धा फारसीच्या वाटेने आला आहे.

असे कितीतरी आहेत. तू पाठीला लावतेस ते दप्तर घे. तुझी मैत्रीण वहीला दफ्तर म्हणते ना? तो हाच शब्द. तिच्याकडे वही, आपल्याकडे वह्यांची पिशवी. कागद, कलम, शाई, तारीख, हप्ता, जमीन ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी आहेत. शाई म्हणजे मुळात सियाही, काळी.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. फारसी शब्दांची ही गर्दी कमी व्हावी आणि राज्यकारभाराला आपले शब्द मिळावेत, असं महाराजांच्या मनात होतं. रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. सुमारे १४०० शब्द, त्यांना संस्कृत प्रतिशब्द, आणि दहा वर्गांपैकी एक अख्खा वर्ग लेखनाचा. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, डबिराचे सुमंत. हे तू मराठी शाळेत अष्टप्रधानांच्या धड्यात पाठ केलं आहेस, फक्त डाव्या बाजूचे जुने शब्द तिथे शिकवत नाहीत. ते शब्द लोकांच्या आडनावांत राहिले. पुण्या-मुंबईत आजही मुजुमदार आहेत, डबीर आहेत, वाकनीस आहेत.

आणि फारसीचं काम? तेही थांबलं नाही. राज्य आपलं झालं तरी औरंगजेबाला पत्र जाणार ते फारसीतच. १६७९ मध्ये त्याने जिझिया कर पुन्हा लादला तेव्हा महाराजांचं जे निषेधाचं पत्र गेलं, ते निळो प्रभू मुनशींनी फारसीत उतरवलं असं मानतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपली भाषा घडवायची म्हणून दुसऱ्याची यायला नको, असं महाराजांच्या दरबारात कुणी धरलं नाही. ज्याच्याशी भांडायचं त्याची भाषा त्याच्या तोडीस तोड आली पाहिजे. हे काम फार मोलाचं होतं. पेशवाईत तर ते वाढलंच. दिल्लीचा बादशहा, हैदराबादचा निजाम, उत्तरेतले नवाब, सगळ्यांशी पत्रव्यवहार फारसीत. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाची फर्मानं आणि मानाची वस्त्रं घेऊन पुण्याला आले, तेव्हा मोठा दरबार भरला. ती फर्मानंही फारसीच. अशा ठिकाणी ज्याच्याशिवाय पान हलत नाही, तो पारसनीस.

हुद्द्याचं आडनाव कसं होतं ते नाना फडणविसांवरून लगेच कळेल. त्यांचं नाव बाळाजी जनार्दन, मूळ आडनाव भानू. फडणिशी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली, लोक हुद्द्यानेच ओळखू लागले आणि भानू मागे पडलं. नीसवाल्या बहुतेक घरांत असं खाली एक जुनं आडनाव झाकलेलं असतं. म्हणूनच नीस म्हटल्यावर जात एकच असेल असं समजू नकोस. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी कायस्थ प्रभू होते, नाना फडणवीस कोकणस्थ ब्राह्मण. काम ज्याला मिळालं त्याला नाव मिळालं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८३७ मध्ये इंग्रजांनी कंपनी सरकारच्या कामकाजातूनही फारसी काढून टाकली. काम गेलं, नाव उरलं. मग ही घरं पांगली, पण त्याआधीही ती एका जागी नव्हतीच. मराठ्यांची राज्यं जिथे जिथे गेली, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, नागपूर, तिथे लिहिणारी माणसं बरोबर गेली आणि तिथलीच झाली. इंदूरला मी एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या आजींचं माहेर चिटणिसांचं. त्यांचं मराठी कानाला थोडं हिंदीकडे झुकलेलं, पण 'अहो, वरणावर तूप घ्या' म्हणण्यात काडीचा फरक नाही. सगळ्यात लांब गेलेलं नीस म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करायला ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे.

आणि फक्त मराठ्यांतच असं झालं असंही नाही. तुझ्या वर्गात तो बंगाली मजुमदार आहे ना? आपले मुजुमदार, त्यांचे मजुमदार, गुजरातेतले मजमुदार, सगळे एकाच हुद्द्यातून निघाले: जमेच्या हिशेबावर देखरेख करणारे. मुनशीही तसेच अर्ध्या हिंदुस्थानात सापडतात. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या कचेऱ्या या आडनावांतून अजून चालू आहेत असं मला वाटतं.

पारसनीस त्यातले थोडे. पुण्या-मुंबईत, साताऱ्याकडे भेटतात, पण शाळेत माझ्या वर्गात मी एकटाच असायचो, नंतर कॉलेजातही. साताऱ्याचे एक पारसनीस मात्र सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनीस, १८७० ते १९२६. त्यांचं आपलं नातं नाही, पण तुला ते माहीत असायलाच हवेत. जुने कागद, चित्रं, पत्रं जमवणं हा त्यांचा ध्यास. लोक दप्तरं माळ्यावर कुजू देत होते त्या काळात ते घरोघर जाऊन ती मागून आणत, वाचत, छापत. नाना फडणविसांचा वाडा वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठावर आहे. तिथल्या दप्तरातले कागद यांच्या हाती आले आणि म्हणून ते वाचले. साताऱ्यात त्यांच्या संग्रहासाठी संग्रहालयाची इमारत उभी राहिली, आणि १९३९ मध्ये तो ठेवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. एका फडणविसाचं दप्तर एका पारसनिसाने राखलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कितीतरी वेळ पुढचं पान उलटवता आलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शब्द फारसी, माणसं मराठी. आंब्याच्या पेटीवर कुठल्याही भाषेत लिहा, आंबा रत्नागिरीचा असला की रत्नागिरीचाच. आणि ते आडनाव तुला मिळालं ते कुणीतरी परकी भाषा मन लावून शिकलं म्हणून. तू पाचव्या वर्षी इथे आलीस तेव्हा वर्गात तीन महिने तोंड उघडलं नव्हतंस. आता घरातल्या इंग्रजी पत्रांत माझ्या चुका काढतेस. त्यांनी केलं ते तू केलं आहेस.

'पार्सनिप' म्हणणाऱ्या मुलांशी भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. एकदा सरळ सांग: पा-रस-नीस, दरबारात परराज्यांची पत्रं लिहिणारे. बाईंनी हजेरीत चुकीचं म्हटलं तर हात वर करून दुरुस्त कर. पहिल्यांदा जड जाईल, दुसऱ्यांदा नाही. तरीही थांबले नाहीत तर मला सांग, मी येऊन बोलेन. आडनाव बदलायचं का, असं तू आईला विचारलंस म्हणे. मोठी झालीस की ते तुझ्या हातात आहे. तोवर ते काय आहे हे पूर्ण कळू दे, एवढीच माझी इच्छा.

दोन कामं सांगतो. रविवारी आजोबांचा फोन आला की त्यांना विचार, "पारसनिशी मिळण्याआधी आपलं आडनाव काय होतं?" त्यांना ते सांगायचं आहे, कुणी विचारत नाही म्हणून राहून जातं. वहीत लिहून घे, तारीख घालून. दुसरं, मैत्रिणीकडे जाशील तेव्हा तिच्या आईकडून आपलं नाव एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आण. मी त्याच्या खाली मोडीत लिहीन, मधे तू तुझ्या अक्षरात देवनागरीत लिही. गावच्या घराला आहे तशी दारावर पाटी इथे अजून लावलेली नाही आपण. मी शनिवारी परत येतो, येताना लाकडी चौकट घेऊन येईन. त्यांना आठवणीने सांग, तीन ठिपके खाली.

तुझा,
बाबा