मामाजींचा केपी आणि नवतपाचं ऊन

प्रश्न: आमचे मामाजी रिटायर्ड आहेत, सकाळी सहाला चहाच्या आधी मोबाईलवर सूर्याचं अ‍ॅप उघडतात. त्यात केपी म्हणून एक आकडा येतो, तो लाल झाला की घरभर घोषणा, "आज सौर वादळ आहे, मोबाईल उशाशी ठेवू नका." परवा 5 दाखवला आणि लगेच यांचे गुडघे दुखायला लागले. नवतपाचा उकाडाही त्यामुळेच म्हणतात, आणि मॅपने वर्धा रोडवरून भलत्याच गल्लीत नेलं त्याचं खापरही सूर्यावरच. खरंच एवढं असतं का हो?
– एक सूनबाई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: मामाजींना आधी नमस्कार सांगा, कारण रोज सकाळी आकडा बघणारा माणूस मला आवडतो, फक्त आकडा कशाचा आहे ते बघायला पाहिजे. केपी म्हणजे मागच्या तीन तासांत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललं त्याचा 0 ते 9 असा मार्क. दिवसाला असे आठ मार्क. आणि गंमत म्हणजे हा दिवस आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाचला सुरू होतो, म्हणजे मामाजी सहाला अ‍ॅप उघडतात तेव्हा आजचा पहिला खण जेमतेम अर्धा तास भरलेला असतो, 8.30 वाजेपर्यंत त्यात काहीही होऊ शकतं. चहा घेऊन, तर्री पोहे खाऊन मग बघा म्हणावं. शिवाय हा मार्क जगातल्या 13 वेधशाळांवरून काढतात आणि त्यातली एकही भारतात नाही, सगळ्या जास्त अक्षांशाच्या, म्हणजे जर्मनी-कॅनडाकडची हवा बघून आपण नागपुरात छत्री उघडायची तसं झालं हे.

5 म्हणजे जी-1, वादळांच्या जी-1 ते जी-5 या मापातलं सगळ्यात लहान वादळ. सूर्याचा जोर वाढून परत ओसरायला साधारण अकरा वर्षं लागतात, त्या एका सौरचक्रात असे दिवस 900 च्या आसपास येतात. त्या हिशोबाने गुडघे दुखायला लागले तर वर्षातले ऐंशी दिवस अंथरुणातच जातील. खरं मोठं वादळ आलं होतं 10 मे 2024 ला, अक्षय तृतीयेचा दिवस होता बघा. सूर्यावरून एकामागे एक प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, ढग सुटले होते, ते रात्री साडेदहाच्या सुमाराला पृथ्वीवर येऊन आदळले, केपी 9 ला टेकला, जी-5, म्हणजे 2003 नंतर पहिल्यांदाच एवढं. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात आभाळ लाल आलं. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते, तिथल्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर सरळ तास धरेनात. आणि नागपुरात काय झालं तर आमरस खाऊन लोकं कूलरसमोर झोपले होते, कोणाला पत्तासुद्धा लागला नाही.

आता गुडघ्याचं. त्या सगळ्यात मोठ्या वादळातसुद्धा विषुववृत्ताजवळचं क्षेत्र 400 नॅनोटेस्लाच्या आसपास घसरलं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग), मूळचं आपल्याकडचं क्षेत्र 40 हजारांच्या वर, म्हणजे शेकडा एक. मेडिकल चौकाच्या आसपास कुठेही एमआरआय काढायला गेलात तर ती मशीन 1.5 टेस्लाची असते, वादळाच्या 35 लाखांहून जास्त पट, आणि त्यातून माणूस उठून रिक्षाने घरी येतो. तेव्हा बाप्पा, गुडघ्याला डॉक्टर दाखवा. घरी एक प्रयोगही करता येतो: पोरांच्या कंपासपेटीतलं नव्हे, खरं होकायंत्र घ्या, गच्चीवर मधोमध ठेवून सुई बघा आणि मग ते पत्र्याच्या कूलरजवळ न्या, सुई कशी पाहुण्यासारखी कूलरकडे वळते ते दिसेल. सूर्याला एवढं जमत नाही, कारण आपल्याकडे वादळात क्षेत्र मुख्यतः कमजोर होतं, उत्तर दिशा तीच राहते, सुई जवळजवळ जागची हलतच नाही.

उकाड्याचं तर विचारूच नका. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा साधारण 0.1 टक्का इकडे-तिकडे होते, त्याने 46 चे 47 होत नाहीत. आपला नवतपा तापतो तो सूर्य डोक्यावर, आभाळ कोरडं, समुद्र लांब म्हणून.

मॅपच्या बाबतीत मात्र मामाजी अगदीच खोटे नाहीत. उपग्रहाचा सिग्नल खाली येताना वरच्या विद्युतभारित थरातून येतो, आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, खास करून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर त्या थरात बुडबुडे उठतात, सिग्नल थरथरतो, जीपीएस चुकू शकतं. पण त्याला वादळच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही दुपारी गेला असाल तर ती गल्ली नव्या फ्लायओव्हरमुळे मॅपला माहीतच नसेल हेच जास्त खरं.

मामाजींना एक काम सांगा. सूर्य स्वतःभोवती फिरतो, पृथ्वीवरून बघितलं तर एक फेरी 27 दिवसांची. सूर्यावर जिथून विद्युतभारित कणांचा वारा जोरात सुटतो तो भाग टिकून राहिला तर तोच वारा 27 दिवसांनी परत येतो. तेव्हा लाल आकडा दिसला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करायचा आणि 27 घरं पुढे अजून एक गोल करायचा. जमलं नाही तर सूर्याला शिव्या द्यायच्या.

प्रश्न: वादळ नसेल त्या दिवशी चुंबकीय क्षेत्र स्थिर असतं का?
– अकरावीतला विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर: नाही रे, रोज हलतं. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीने 1722 मध्येच पाहिलं होतं की सुई दिवसभरात थोडीशी सरकते. कारण उन्हाने 100-120 किलोमीटरवरची हवा विद्युतभारित होते, तिथे प्रवाह वाहतात, आणि दुपारच्या सुमारास आपल्याकडे क्षेत्रात काही दहा नॅनोटेस्लांचा फरक पडतो, तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे तो बराच जास्त असतो. हे मोजायला भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळा आहेत, त्यातली एक आपल्या नागपुरात. या मोजणीची गोष्ट मात्र मुंबईची: 1859 च्या सप्टेंबरमधलं जगप्रसिद्ध वादळ कुलाब्याच्या वेधशाळेने नोंदवलं, पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या आणि त्यांच्या करंटने मोजणी बिघडेल म्हणून 1904 मध्ये काम अलिबागला नेलं. अशा मोजणीच्या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा नको असतो, आत जाताना किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर काढून ठेवायचं. वरच्या प्रश्नातले मामाजी बघायला गेले तर त्यांचा मोबाईलही, अ‍ॅपसकट.