स्थिरांकाचा सातवा आकडा मोजून कुणाचं काय भलं होतं?

तुमचा प्रश्न असा: "म्यूऑन आणि पायॉनच्या झोतांनी निसर्गाचे स्थिरांक आणि सममिती तपासतात, असं वाचलं. एखाद्या स्थिरांकाचा सातवा आकडा मोजून कुणाचं काय भलं होतं? सोप्या मराठीत कुणी सांगेल का?"

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो आणि तिथलाच झालो. या प्रयोगांशी माझा संबंध वाचण्यापुरता. पण मापं घेण्यातच आयुष्य गेलंय, तेव्हा त्या अंगानं सांगतो.

स्वित्झर्लंडमध्ये पॉल शेरर इन्स्टिट्यूट आहे. तिथे 590 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन फिरत्या ग्रॅफाइटच्या चाकावर आदळवतात. (आमच्या फाउंड्रीतल्या क्रूसिबलमध्ये असतं, तेच ग्रॅफाइट.) त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. विद्युतभारित पायॉन सरासरी 26 नॅनोसेकंद टिकतो आणि मोडताना म्यूऑन देऊन जातो. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ, वजनानं 207 पट. तो 2.2 मायक्रोसेकंद जगतो. ऐकायला कमी वाटतं, पण या कणांच्या जगात ते दीर्घायुष्यच, आणि म्हणून त्याचं आयुष्य नीट मोजता येतं.

ते मोजायचं कशाला? म्यूऑन मोडतो तो दुर्बल बलामुळे. सूर्यात हायड्रोजन जळण्याची पहिली पायरी याच बलावर चालते. या बलाचा जोर सांगणारा आकडा म्हणजे फर्मी स्थिरांक, आणि तो म्यूऑनच्या आयुष्यावरून काढतात. म्यूलॅन नावाच्या प्रयोगात 5 मायक्रोसेकंद झोत सोडायचा, मग 22 मायक्रोसेकंद बंद करून फुटबॉलसारख्या गोल डिटेक्टरनं क्षय (म्हणजे म्यूऑनचं मोडणं) मोजत बसायचं, असा क्रम होता. असे लाख कोटींहून जास्त क्षय मोजले. 2011 साली आयुष्य आलं 2.1969803 मायक्रोसेकंद, चूक दहा लाखांत एक भाग.

तुमचा सातवा आकडा तो हाच. ड्रॉइंग वाचणाऱ्याला मी एका शब्दात सांगेन: डेटम. जॉबच्या ज्या पृष्ठापासून बाकीची सगळी मापं धरतात, ते पृष्ठ. फर्मी स्थिरांक, फाइन-स्ट्रक्चर स्थिरांक (विद्युतचुंबकीय बलाचा जोर सांगणारा आकडा) आणि झेड बोसॉनचं वस्तुमान ही कणभौतिकीची डेटम मापं. झेड आणि डब्ल्यू बोसॉन म्हणजे दुर्बल बल वाहून नेणारे कण. त्यांच्यावरून, टॉप क्वार्क आणि हिग्ज या दोन जड कणांचं वस्तुमान जोडून, डब्ल्यू बोसॉनचं वजन किती असायला हवं ते काढतात आणि प्रत्यक्ष मोजलेल्याशी ताडून बघतात. जुळलं नाही तर हिशोबात नसलेलं काहीतरी निसर्गात आहे. खरं म्हणजे या हिशोबाला आज सातव्या आकड्याची गरज नाही. पण टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) दहापट बारीक गेज वापरावं, हा शॉप फ्लोअरचा नियम तिथेही चालतो. फरक आला तर गेजवर संशय जायला नको.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. म्यूलॅनमध्ये डेटा तपासणाऱ्यांना त्यांच्या घड्याळाची नेमकी फ्रीक्वेन्सी माहीत नव्हती. मुद्दाम लपवली होती. शिकागोजवळ फर्मीलॅबमध्ये म्यूऑनच्या चुंबकत्वाच्या प्रयोगातही तसंच. गटाबाहेरच्या दोघांनी घड्याळ लावलं, आकडा पाकिटात बंद केला आणि सगळं विश्लेषण झाल्यावरच पाकीट उघडलं. त्या प्रयोगाचा शेवटचा निकाल 2025 साली आला, अनिश्चितता दर अब्जात 127 भाग.

हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली दिवाळीआधीची शिफ्ट आठवली. 50 मिलिमीटरचे चाळीस शाफ्ट तपासायला दिले होते. मशीनवरचा ऑपरेटर प्रत्येकाला "सरी ऐती" (कानडीत, बरोबर आहे) म्हणत पुढे सरकवायचा. मायक्रोमीटरचं रॅचेट कधी दोनदा वाजवायचो, कधी चारदा. दोन-तीन मायक्रॉनचा फरक यायचा, आणि ड्रॉइंगला जवळचा असेल तो आकडा मी लिहायचो. खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलंही नाही. आमच्या मामांनी (सुपरवायझर, सगळे त्यांना मामाच म्हणत) नुसता कागद बघून ओळखलं. म्हणाले, "इतके सारखे जॉब कुठलं मशीन काढतंय रे?" ड्रॉइंग घडी करून त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं. "आधी माप सांग की, ड्रॉइंग पळून जातंय काय?" परत मोजले. सहा शाफ्ट टॉलरन्सबाहेर.

दोन गेजं वेगळं माप देतात तेव्हाची गोष्ट याहून रंगतदार. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन काढून म्यूऑन बसवला की तो प्रोटॉनच्या जवळजवळ दोनशे पट जवळ फिरतो, त्यामुळे प्रोटॉनचा आकार त्याला जास्त जाणवतो. 2010 साली पॉल शेररमध्येच अशा अणूवरून प्रोटॉनची त्रिज्या काढली: 0.842 फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटीवा भाग). तोवरचा मान्य आकडा 0.877 होता. चार टक्क्यांचा फरक! म्यूऑनला काही वेगळं बल जाणवतं का, इथपर्यंत चर्चा गेली. पुढे साध्या हायड्रोजनवरची बहुतेक नवी मापंही लहान आकड्याकडे आली आणि 2018 च्या अधिकृत यादीत 0.8414 लागला. नवीन बल नाही, जुनं माप ढिलं होतं. काहींचा हिरमोड झाला. मला मात्र यात वाईट काही वाटत नाही.

आता सममिती, म्हणजे डावं-उजवं यासारखी अदलाबदल केली तरी निसर्गाचे नियम तेच राहणं. म्यूऑननं नुसता इलेक्ट्रॉन आणि फोटॉन (प्रकाशाचा कण) देऊन मोडणं आजच्या सिद्धांतातल्या अशाच एका सममितीमुळे जवळजवळ निषिद्ध आहे. हेच शोधणाऱ्या मेग नावाच्या प्रयोगानं 2016 साली सांगितलं, की असं होत असलंच तरी ते सुमारे 2.4 लाख कोटी क्षयांत एकदाहून कमी. एक जरी पक्का सापडला, तरी पुस्तकं बदलतील.

पायॉनचं गणित याहून मजेशीर. इलेक्ट्रॉन हलका, म्हणून पायॉननं इलेक्ट्रॉन देऊनच जास्त मोडायला हवं असं वाटतं. होतं उलट: दहा हजारांत जेमतेम सव्वा वेळा इलेक्ट्रॉन, बाकी म्यूऑन. दुर्बल बल डावं-उजवं सारखं मानत नाही. हे 1957 साली पायॉन आणि म्यूऑनच्या क्षयातही दिसलं होतं. त्या डावखुरेपणामुळे हलक्या कणाची वाट अडते. हे सव्वा नेमकं किती, ते सिद्धांत प्रयोगापेक्षा दहापटीहून जास्त अचूक सांगतो. म्हणजे ड्रॉइंग तयार आहे, मायक्रोमीटरच अजून भरड आहे. ती कसर भरून काढायला पॉल शेररमध्येच पायोनियर नावाच्या प्रयोगाची तयारी चालू आहे.