मुंगळ्यांच्या पेटीत रंगीत वाळू घालण्याआधी

ताई, तुमच्या लेकाने पहिल्या पावसात दिव्याखाली पंख झडलेली मुंगळ्याची राणी पकडली, परीक्षानळीत नीट सांभाळली आणि आता तिच्याभोवती पंधरा-वीस कामकरी झाले, हे वाचूनच बरं वाटलं. नवी पेटी आणली आहे आणि तिच्यात काय घालायचं ते विचारताय: दुकानातली निळी वाळू, दिवाळीची उरलेली रांगोळी, की मालवणच्या चिवल्याच्या पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरची, वाळू?

रांगोळी आधी बाजूला ठेवा. दाराशी मुंग्यांची रांग लागली की आपल्या आज्या तिच्या वाटेत राख नाहीतर हळद टाकायच्या, आठवतं ना? बारीक पूड मुंगीच्या पायांना चिकटते आणि पायांची पकड सुटते. तिच्या अंगावर मेणाचं पातळ आवरण असतं, ते पुडीने खरवडलं गेलं की अंगातलं पाणी उडून जातं. मुंग्या पाळणारे पेटीच्या काठाला आतून टाल्कम पावडर लावतात ती मुंग्यांना वर चढता येऊ नये म्हणून. जी गोष्ट आपण कुंपण म्हणून वापरतो, तीच त्यांच्या अंगणभर पसरायची का?

रंगाचं तर त्याहून वाईट. लेकाला भिंग देऊन एक मुंगळा पाहायला सांगा. दर थोड्या वेळाने तो थांबतो, पुढचा पाय वर घेतो आणि मिशी त्या पायाच्या सांध्यातून ओढून काढतो. तिथे कंगव्यासारखे केस असतात. मग तो पाय तोंडातून ओढतो. म्हणजे मिशीवरची धूळ शेवटी तोंडातच जाते. मुंगीला घन कण गिळता येत नाहीत. तोंडाशी एक छोटी पिशवी असते, त्यात कण साठतात आणि त्यांची गोळी करून ती बाहेर टाकते. पण कणावरचा रंग ओलाव्यात सुटला तर तो द्रवाबरोबर आत जातो, आणि एकीच्या पोटातलं अन्न तोंडातोंडी सगळ्यांना, राणीलासुद्धा, पोचतं.

हे मी एकदा भोगलं आहे. शोभेची निळी वाळू एका दुकानातून आणली, धुतली नाही, तशीच ओतली. जुलै महिना होता. आपल्याकडे तेव्हा मीठसुद्धा डबीत पाझरतं, तर वाळू कोरडी कशी राहणार? चौथ्या दिवशी पाण्याच्या नळीतला कापूस कडेने निळसर दिसू लागला. आठवड्याभरात एकोणीस कामकरी मेले. राणी आणि उरलेल्यांना घाईघाईने साध्या नळीत हलवलं म्हणून ती वसाहत वाचली. त्या दिवसापासून रंगीत वाळूची परीक्षा घेतल्याशिवाय मी एक चमचाही पेटीत घालत नाही.

परीक्षा सोपी आहे. चमचाभर वाळू कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ती ओली वाळू पांढऱ्या फडक्यावर घेऊन अंगठ्याने जोरात चोळा. फडक्यावर डाग आला किंवा पाण्यावर तवंग दिसला, तर ती वाळू फुलदाणीत घाला, पेटीत नको. वास येणारी, चमकी असलेली, अंधारात उजळणारी किंवा मुलांची चिकट खेळायची वाळू यांच्या वाटेला जाऊच नका. मत्स्यालयासाठी मिळणारी, दाण्यावर रंगाचा पक्का थर बसवलेली वाळू या परीक्षेत पास झाली तर चालेल, पण दाणा साधारण रव्याएवढा हवा. खडे मोठे असले की फटींत मेलेले किडे अडकतात आणि बुरशी धरते.

पुळणीवरची वाळू दिसायला सुंदर, पण मिठाने भरलेली असते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू काढण्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत, म्हणून मुलाला तिथून पिशवी भरून आणायची सवय लावू नका. घरात जुनी आणलेली थोडी असेल तर सहा-सात पाण्यांनी धुवा आणि वाळवा. मग रात्री एक चमचा वर्तमानपत्राच्या कागदावर उघडी ठेवा. सकाळी कागद दमट लागला तर मीठ अजून आहे, पुन्हा धुवा.

आता माझी खरी शिफारस. लाल रंग हवा असेल तर कोकणात तो विकत का घ्यायचा? चिरेखाणीजवळ जांभ्या दगडाचे चिरे कापताना पडलेली भुकटी असते. ती रव्याच्या चाळणीने चाळा आणि चाळणीवर उरलेला दाणा घ्या. खाली पडलेली अगदी बारीक पूड सोडून द्या. धुवा, वाळवा, जुन्या तव्यावर दहा मिनिटं भाजा. हा लोहाचा रंग, दगडाच्या अंगचाच, म्हणून पाण्यात सुटत नाही. बांधकामाची नदीची वाळू धुऊन घेतली की फिकट बदामी रंग मिळतो. काळी हवी असेल तर रत्नागिरीच्या ‘काळा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्याची आठवण येईल. तिथली वाळू इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे काळी आहे. पण काळ्या वाळूवर काळा मुंगळा दिसणारच नाही, आणि ऊन लागलं तर ती फार तापते. मुंगळे पाहायचे असतील तर बदामी रंगाला तोड नाही. जांभ्याचा पट्टा एका कोपऱ्यात द्या, शोभा तेवढ्याने येते.

ही वाळू फक्त फिरण्याच्या अंगणात, अर्धा सेंटीमीटर जाडीची. राहण्याच्या भागात नको. कोरड्या वाळूत बीळ टिकत नाही, ते राणीवर ढासळतं. खोदताना पाहायचं असेल तर वेगळ्या बरणीत तीन भाग वाळू, एक भाग चिकट लाल माती, मुठीत दाबली की लाडू व्हावा इतपत ओली.

मुंगळ्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून घरट्यावर लाल जिलेटिनचा कागद लावला की त्यांना अंधार वाटतो आणि आपल्याला आत दिसतं. वाळूचा रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो. त्यांच्या दृष्टीने दाणा उचलता येतो का, हे महत्त्वाचं. साखरपाण्याचा थेंब ठेवा, कधीकधी ते एकेक दाणा आणून तो झाकायला लागतात. दोन रंग दोन कोपऱ्यांत ठेवलेत तर तेव्हा कोणत्या कोपऱ्यातले दाणे आणले तेही कळेल. लेकाला तारीख घालून वहीत लिहायला सांगा.

आधी सगळी वाळू एकदम ओतू नका. बाटलीच्या झाकणात थोडी घालून दोन दिवस पेटीतल्या अंगणात ठेवा. त्यावरून मुंगळे सहज चालले, मिशा नेहमीपेक्षा जास्त चोळत बसले नाहीत, की मग बाकीची घाला.