आईच्या भाजीच्या गाड्यासाठी मोबाईल ॲपवरून कर्ज घ्यावं का?

तुमची आई बार्शीत बारा वर्षं भाजीचा गाडा लावते. बँकेने "सिबिल नाही", म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद नाही, म्हणून परत पाठवलं, आणि मोबाईलवर मात्र रोज "पाच मिनिटांत कर्ज"च्या जाहिराती येतात. त्यातलं एखादं घ्यावं का, आणि या फिनटेकमुळे, म्हणजे मोबाईलवरून चालणाऱ्या पैशाच्या सोयींमुळे, गरिबाला खरंच भांडवल मिळतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी याच सोलापूर जिल्ह्यात बचत गटांच्या उमेद अभियानात बीसी सखी, म्हणजे बँकेची गावातली प्रतिनिधी आहे. थंब मशीन घेऊन गावात पैसे काढून-भरून देते. त्याआधी पाच वर्षं बचत गटाची सचिव होते. उत्तर द्यायच्या आधी मीच तुम्हाला विचारते: आईच्या गाड्यावर क्यूआर कोड लावलेला असेल, तर त्याचे पैसे कुणाच्या खात्यात जातात?

हे का विचारते ते सांगते. आमच्या गावात एक काकू ज्वारीच्या कडक भाकरी करतात. पहाटे साडेतीनला दोन चुली पेटतात आणि दहा वाजेपर्यंत भाकरीच्या थप्प्या कागदात बांधून तयार असतात. गिऱ्हाईक ठरलेलं आहे, माल शिल्लक राहत नाही. त्यांची अडचण एकच. ज्वारी त्या वर्षभर दुकानातून दहा-वीस किलो अशी घ्यायच्या. रब्बीची सुगी झाल्यावर, भाव उतरलेला असताना, वर्षाची ज्वारी एकदम भरून ठेवायला चाळीस हजार हवे होते.

आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेबांनी खात्याचा उतारा काढला. लाडकी बहीणचे दीड हजार जमा, त्याच दिवशी दीड हजार काढले. पुढच्या महिन्यात तेच. साहेब चांगले होते. पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, यात धंदा कुठाय?" काकूंना काही बोलता येईना. हाताला चुलीचे चटके, पदराला पीठ लागलेलं, आणि कागदावर धंदाच नाही. कारण क्यूआर मुलाच्या नावावर होता. मुलगा गुणी आहे, पुण्याला नोकरी करतो, आलेले पैसे आईला न चुकता देतो. पण उतारा त्याचा भरला. त्याला दुचाकीचं कर्ज विनासायास मंजूर झालं. आईच्या भाकरीवर मुलाची पत तयार झाली आणि आई कोरीच राहिली.

ते बदलायला आम्हाला तीन आठवडे लागले. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला होता. नवीन सिम काकूंच्या नावावर घेतलं, बँकेत नंबर बदलला, आधारला जोडला. आधारच्या वेळी अंगठा लागेना. रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? ओल्या फडक्याने पुसून, केसांवरून बोट फिरवून, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम झालं. क्यूआर त्यांच्या खात्यावर आला. रोखीचे पैसेही दर सोमवारी माझ्याकडे खात्यात भरायला लागल्या. नऊ महिन्यांनी त्याच बँकेतून मुद्रा योजनेच्या शिशु गटात चाळीस हजार मिळाले. या गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. यंदा त्यांची मालदांडी ज्वारी कणगीत आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी मनापासून हो म्हणते, गरिबाला भांडवल मिळू शकतं. दहा हजारांचं कर्ज वर्षभरासाठी बारा टक्क्यांनी दिलं आणि दर महिन्याला हप्ता आला, तर बँकेला वर्षभरात व्याज मिळतं साधारण ६६० रुपये. माणूस घरी पाठवायचा, चौकशी करायची, फाईल करायची, यातच ते संपतं. लहान माणसाला बँक उभी करत नाही, त्यामागे हे गणित मोठं आहे. २०१६ ला यूपीआय आलं आणि भाजीची वीस-तीस रुपयांची विक्रीही खात्यात दिसू लागली. २०२१ पासून अकाउंट ॲग्रिगेटरची सोय आहे. त्यात तुमच्या संमतीने, ठरावीक मुदतीसाठी खात्याचा उतारा थेट कर्ज देणाऱ्याला दिसतो आणि संमती मागेही घेता येते. बाईचा धंदा तपासायचा खर्च त्यामुळे खूप खाली आला. मला यात खरा फायदा तो दिसतो. पैसे पाच मिनिटांत येतात की पाच दिवसांत, याने भाजीच्या गाड्याला फारसा फरक पडत नाही.

धंदा ओळखायला यंत्रच लागतं असंही नाही. आमच्या शेजारी माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर बायकांचे अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका सहा महिन्यांच्या आत लिहा-वाचायला शिकून परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाईला हिशेब येतो. तो समोरच्याला दिसेल अशा जागी लिहिलेला नसतो, एवढंच.

आता ॲपचं. जाहिरातीतल्या अनोळखी ॲपवरून घेऊ नका. आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीच्या फीसाठी असं पाच हजारांचं कर्ज घेतलं. हातात आले साडेतीन हजार, बाकी "फी". सात दिवसांनी पूर्ण पाच हजार मागितले. म्हणजे साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार! आठव्या दिवशी त्यांच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर मेसेज गेले, शाळेतल्या बाईंना, माहेरी भावाला, मलासुद्धा. ताई चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. ते चार दिवस मी विसरणार नाही. पोलिसात तक्रार केली, १९३० या सायबर हेल्पलाईनवरही नोंदवली. असं कुणाच्या बाबतीत झालं तर आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा, पैशाचं नंतर बघा.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये याचे नियम केले आणि २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा काढले. त्यातलं तुमच्या कामाचं सांगते. ॲप हा फक्त दलाल असतो, मागे नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनी असायलाच हवी आणि तिचं नाव आधी दिसायला हवं. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, मधल्या कुणाच्या नाही. सही करण्याआधी मुख्य माहितीचं पत्रक मिळायला हवं, त्यात सगळी फी धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. किमान एक दिवस असा द्यावाच लागतो, ज्यात कर्ज नको वाटलं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज भरून मोकळं होता येतं. आणि फोनमधले नंबर, फोटो बघायची परवानगी ॲपला मागताच येत नाही. ती मागितली की तिथेच ॲप काढून टाका, पुढचं काही वाचत बसू नका.

वर्षाचा दर बघा असं मी सगळ्यांना सांगते, कारण बाजारात तो कुणी बोलतच नाही. मंडईत रोज वसुलीला येणारा देतो नऊ हजार, लिहितो दहा हजार, आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस घेतो. ऐकायला "हजारच तर कापले" वाटतं. पण मुद्दल रोज कमी होत जातं, म्हणून वर्षाच्या हिशेबात ते ७७ टक्क्यांच्या आसपास बसतं. आई सध्या असं काही फेडत असेल तर नवीन कर्जातून पहिल्यांदा ते मिटवा.

तुमच्या आईसाठी मी आधी पीएम स्वनिधी बघेन. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये पथविक्रेत्यांचं भांडवल खाऊन संपलं तेव्हा ही योजना आली. तारण नाही, हप्ते वेळेवर भरले तर सात टक्के व्याज अनुदान खात्यात येतं, क्यूआरवर व्यवहार केले तर थोडा कॅशबॅकही मिळतो. पूर्वी पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० असे झाले. पहिला टप्पा फेडला की दुसरा मिळतो. मला ही पायरी-पायरीची पद्धत आवडते. पहिले पंधरा हजार फिटेपर्यंत आईच्या नावावर कर्जफेडीची नोंद तयार होते, आणि जे सिबिल नव्हतं ते होतं. नगरपालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र नसेल तर शिफारसपत्रावरही अर्ज करता येतो.

आई बचत गटात असतील तर गट सोडू देऊ नका, नसतील तर घाला. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँक जोडणी, म्हणजे गटांना बँकेचं कर्ज मिळवून देणं, सुरू केलं, आज गावोगाव गट आहेत. आषाढात किंवा आजारपणात हप्ता हुकला तर गटाला कारण माहीत असतं, फोनमधल्या हिशेबाला नसतं. फक्त आमच्याकडे अजून बरंचसं वहीतच आहे. नाबार्डने २०१५ मध्ये ई-शक्ती प्रकल्पात धुळे जिल्ह्यातून गटांच्या नोंदी टॅबवर घ्यायला सुरुवात केली होती. दहा वर्षं दर आठवड्याला बचत भरणाऱ्या बाईची ती शिस्त बँकेला तिच्या नावावर दिसली पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

तर या आठवड्यात आईला घेऊन बँकेत जा. खात्याला कुठला नंबर जोडलाय ते विचारा, तो आईच्या हातातल्या फोनचा नसेल तर बदला. क्यूआर तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर आईच्या खात्यावर घ्या. साधा फोन असला तरी चालतं, पैसे आल्याचा आवाज देणारा डबा भाड्याने मिळतो. मग स्वनिधीचा अर्ज करा. नगरपालिकेत शिफारसपत्रासाठी अडवलं तर इथेच लिहा, सोबत कोणते कागद न्यायचे ते सविस्तर सांगते.