तिसरी शाखा उघडण्याआधी

प्रिय मित्रा,

लातूरच्या ट्युशन एरियातलं तुझं पहिलं बर्गरचं दुकान जोरात आहे, अंबाजोगाईचं दुसरं कसंबसं खर्च काढतंय, आणि आता नांदेडचा एकजण फ्रँचायझीसाठी पैसे घेऊन मागे लागलाय. ते पैसे इतक्यात घेऊ नकोस. आपल्याकडच्या बर्गरच्या साखळ्या बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दुकानाला तुटतात. तोवर चव मालकाच्या हाताला असते, आणि मालकाला हात दोनच.

म्हणून आधी टिक्की कागदावर आण. उकडलेला बटाटा गरम असतानाच मळला की चिकट होतो. तो पसरून, पूर्ण गार करून किसायचा. 10 किलो बटाट्याला 750 ग्रॅम ब्रेडचा चुरा, 400 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर आणि 150 ग्रॅम मीठ, इथून सुरुवात कर. फेब्रुवारी-मार्चच्या नव्या बटाट्यात पाणी जास्त असतं, तेव्हा चुरा किलोपर्यंत न्यावा लागेल. कोल्ड स्टोरेजच्या बटाट्यात साखर वाढलेली असते, त्यामुळे टिक्की वरून काळपट होते आणि आत गारच राहते. आचारी तेलाला शिव्या घालतो, दोष बटाट्याचा असतो. टिक्की 75 ग्रॅमची, साच्यातूनच पाडायची, उणे 18 अंशांवर गोठवायची आणि न वितळवता 175 अंशांच्या तेलात सोडायची. 8 लिटरच्या फ्रायरमध्ये एका वेळी सहा. गर्दी झाली की पोरं बारा टाकतात, तेल एकदम थंडावतं, मग टिक्की तेल पिते आणि फुटते.

बन 60 ग्रॅमचा, चार इंची. बेकरीवाला कितीही जवळचा असो, रोज सकाळी वीस बन काट्यावर ठेव. मैदा महागला की आधी वजन उतरतं. कोमट बन पिशवीत भरले तर घामेजतात आणि लवकर बुरशी धरतात. कापलेली बाजू लोण्यावर शेकून दोन्हीकडे मेयोनीज लाव, म्हणजे टोमॅटोचं पाणी बनात उतरत नाही. लेट्यूसचा नाद सोड. मे महिन्यात आपल्या उन्हात ते पान दुपारपर्यंत माना टाकतं. कोबी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात ठेव आणि निथळून वापर, कुरकुरीत राहतो.

टिक्की आणि सॉस एकाच स्वयंपाकघरात व्हायला हवेत. दुकानात फक्त तळणं आणि बांधणं. गोली वडापाव 2004 साली कल्याणला सुरू झालं. पुढे कारखान्यात तयार केलेले गोठवलेले वडे दुकानांना पुरवूनच त्यांना गावोगाव जाता आलं. तुझा आवाका तेवढा नाही, पण पद्धत तीच धर. नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. वाटेत अर्धवट वितळलेली टिक्की परत गोठवली की आत बर्फाचे खडे धरतात आणि ती तेलात हमखास फुटते. त्यापेक्षा औसा, अहमदपूर, उदगीर आधी बघ.

रात्री पैशांच्या आधी टिक्क्या मोज. सकाळची शिल्लक अधिक आलेला माल, त्यातून उरलेल्या आणि फुटलेल्या वजा केल्या की आकडा बिलांशी जुळला पाहिजे. बनांचंही तसंच. बन 140 खपले आणि तुझ्या टिक्क्या 110 च गेल्या, तर तीस टिक्क्या बाहेरून आल्या समज. दोन्ही 140 गेले आणि बिलं 110 ची, तर तीस बर्गर बिनबिलाचे गेले. फ्रँचायझीत विक्रीवर टक्केवारी लावलीस की विक्री लपते. तुझा नफा त्या दुकानांना विकायच्या टिक्कीच्या दरातच धर.

तेलाच्या बाबतीत हयगय नको. त्यातली टोटल पोलर कंपाउंड्स (तळून तळून तेल बिघडलं की तयार होणारी द्रव्यं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. रोज रात्री गाळ, ती मोजणाऱ्या मीटरने तपास. नुसत्या रंगावर जाऊ नकोस. चिकन ठेवणार असशील तर फ्रायर दोन, चिमटे दोन, आणि तेही गिऱ्हाइकाला दिसतील असे. ‘एकाच तेलात तळतात’ ही कुजबूज तालुक्याच्या गावात दुकान बंद पाडते.

आता भाव. 70 रुपयांच्या बर्गरला बन 8, टिक्की तेलासकट 12, सॉस-मेयोनीज 5, भाजी 2, कागद-पिशवी 3 धर: झाले 30. घरपोच डिलिव्हरीच्या ॲपचं कमिशन 25 टक्के धरलं तर 17.50. कर बाजूला ठेवला तरी हातात 22.50, आणि त्यातच भाडं, पगार, वीज, गॅस. ‘एकावर एक फुकट’ लावलंस तर भाडं-पगार न धरताही दर ऑर्डरला साडेसात रुपये घरातून जातात. रांग मात्र झकास दिसते!

वर्षाचा अंदाज बारा सारख्या महिन्यांवर बांधू नकोस. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा झाली की ट्युशन एरिया ओस पडतो, श्रावणात चिकन थंडावतं, सोयाबीनचा पैसा हातात आला की तालुक्याची दुकानं उचल खातात. पाण्याचा खर्च वेगळा धर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

राहिलं नाव. ‘किंग’, ‘मॅक’ असलं काही बोर्डावर नको. पुण्यात 1992 पासून ‘बर्गर किंग’ नावाने चालणाऱ्या उपाहारगृहावर अमेरिकन कंपनीने 2011 साली दावा लावला. जिल्हा न्यायालयाने तो ऑगस्ट 2024 मध्ये फेटाळला, तरी प्रकरण पुढे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एवढी वर्षं वकिलाची फी तुला झेपणार नाही. आपलं वेगळं नाव घे, ट्रेडमार्कच्या वर्ग 43 मध्ये (उपाहारगृहांचा तो वर्ग) अर्ज टाक, आणि पहिल्या महिन्याची बिलं, बोर्डाच्या छपाईची पावती, जुने मेन्यूकार्ड एका फायलीत लाव. नाव कधीपासून वापरतोस हे विचारलं गेलं, तर दाखवायला तेच कागद लागतात.

कळावे.